समुद्रकिनाऱ्यावर मेटल डिटेक्टरने नाणी आणि दागिने कसे शोधायचे, मशीन चालू करायच्या आधीपासून

ओल्या वाळूत मासे पकडायच्या दोरीला लावतात ते शिशाचं वजन सापडलं की बरेच जण वैतागतात, कचरा म्हणून पिशवीत टाकतात आणि पुढे चालायला लागतात. माझं उलटं आहे. एकाच जागी दोन-तीन शिशाची वजनं निघाली की मी बॅग तिथेच खाली टेकवतो आणि पुढचा तासभर त्या वीस पावलांच्या जागेतून हलत नाही. कारण साधं आहे, ज्या पाण्याने शिसं आणून तिथे टाकलंय त्याच पाण्याने सोनंही तिथेच टाकलेलं असणार, दोघं जड, दोघांची चाल सारखी.

हे आकडे एकदा डोक्यात बसले ना की किनारा वेगळाच दिसायला लागतो. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, शिसं ११.३ पट, चांदी १०.५, तांबं ९ च्या आसपास, आणि दागिन्यातलं १८ कॅरेट सोनं म्हणाल तर १५ च्या आसपास. आता साधी वाळू किती, तर २.६५ पट. आणि ॲल्युमिनियम २.७. म्हणजे कॅनचा तुकडा, कॅन उघडायची टॅब, फॉइल हे सगळं पाण्याच्या दृष्टीने वाळूच आहे, वाळू जाईल तिथे तेही जातं. अंगठी मात्र लाटेबरोबर थोडी सरकते, खाली बसते, वरची वाळू निघून जाते, ती अजून खाली बसते, असं करत करत एखाद्या कडक थरावर जाऊन थांबते. समुद्र रात्रंदिवस चाळण लावून बसलाय, आपलं काम एवढंच की चाळणीत जड माल कुठे उरलाय ते ओळखायचं.

म्हणून किनाऱ्यावर पोचलं की मशीन लगेच चालू करू नका. दहा मिनिटं नुसतं चाला. पाय घोट्यापर्यंत रुततोय, वाळू भुसभुशीत आणि एकसारखी पांढरट आहे, तर समजायचं की ही नवीन येऊन पडलेली वाळू आहे, जे काय असेल ते हिच्या खाली दोन-तीन फुटांवर, आपल्या मशीनच्या आवाक्याबाहेर. उलट पायाला वाळू टणक लागतेय, शिंपल्यांचा चुरा, बारीक गोटे, काळ्या वाळूचे पट्टे दिसतायत, तर तिथे थांबा, कारण शिंपले-गोटे उघडे पडलेत म्हणजे वरची हलकी वाळू वाहून गेली आहे. काळी वाळू म्हणजे मॅग्नेटाइट वगैरे जड खनिजं, ती जमा झालीत म्हणजे जड गोष्टी जमा होण्याची जागा तीच. (काळी वाळू डिटेक्टरला त्रासही देते.) आणि किनारा पूर्ण सरळ बघू नका, कुठे तो आत वळलाय, कुठे खोलगट वाटीसारखा झालाय, कुठे ओढ्याचं पाणी समुद्राला मिळताना वाळू कापत गेलंय, असल्या जागा आधी.

आता लोक वस्तू हरवतात कुठे ते बघू. कोरड्या वाळूत, जिथे टॉवेल टाकून बसतात, खेळतात, पायऱ्यांवरून उतरतात, तिथे मुख्यतः नाणी, चाव्या, कानातलं, खिशातून पडणारा माल. टॉवेल झटकला की त्यात गुंडाळून ठेवलेलं घड्याळ उडालंच. व्हॉलीबॉलची जाळी लावतात ती जागा तर सोडूच नका, अंगठ्या उडण्यासाठीच बनवल्यासारखी असते. पण दागिन्यांचा खरा ढीग पाण्यात आणि पाण्याच्या कडेला. थंड पाण्यात बोटं आक्रसतात, त्यावर सनस्क्रीनचा चिकट-तेलकट थर, वर लाटेचा तडाखा, अंगठी निसटली की कळतसुद्धा नाही. गुडघ्यापासून छातीपर्यंत पाण्यात लोक सगळ्यात जास्त वेळ उभे असतात, तेवढाच पट्टा महत्त्वाचा. ओहोटीला हाच पट्टा बराचसा उघडा पडतो, म्हणून सगळा खेळ ओहोटीचा.

भरती-ओहोटीचं गणित एकदा समजून घ्या. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, त्यामुळे आज ज्या वेळेला ओहोटी लागली ती उद्या जवळपास ५० मिनिटं उशिरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली, आणि त्यातही सगळ्यात मोठं पाणी तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. ज्याला पाण्यात उतरायचं नाहीये त्याने उधाणाचेच दिवस धरावेत, एरवी पाण्याखाली असणारी दहा-वीस मीटर वाळू कोरड्या पायाने मिळते. मी खालच्या पाण्याच्या दोन तास आधी पोचतो, उतरणाऱ्या पाण्याच्या मागे मागे खाली जातो आणि पाणी परत फिरल्यावर तासाभरात वर सरकायला लागतो. भरतीचं टेबल फोनवर मिळतं, बघा आणि निघा. टेबल न बघता गेलो तर हमखास भरती लागते हा माझा अनुभव, आणि मग कोरड्या वाळूत बाटल्यांची बुचं गोळा करत बसावं लागतं.

अजून एक, समोरून किनारा नीट पाहिला तर तो पायऱ्यांसारखा असतो. वर भरतीची रेघ, तिथे शेवाळ-काटक्या पडलेल्या. मग उतार. उताराच्या पायथ्याशी, लाट जिथे फुटून आदळते तिथे एक चर पडलेला असतो, आणि त्याच्या पलीकडे वाळूचा दांडा. उतारावरून घसरलेली जड वस्तू त्या चरात जाऊन बसते, लाट तिला वर चढवू शकत नाही आणि पलीकडचा दांडा ओलांडायची तिची ताकद नाही. पाण्यात उतरायची सोय आणि हिंमत असेल तर तो चर.

वादळानंतरचा किनारा म्हणजे तर काय विचारता. मोठ्या लाटा वाळू ओढून आत दांड्यावर नेऊन टाकतात आणि शांत हवेत छोट्या लाटा त्याच वाळूची परत भर घालतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी वादळी मोसमात किनारा खरवडलेला आणि शांत मोसमात फुगलेला असतो. वादळाने उतारावर उभी कड पाडलेली असते, गुडघ्याएवढी, कधी माणसाएवढी, तिला सगळे कटच म्हणतात. कट दिसला की वरच्या बाजूला फिरत बसू नका, त्याच्या पायथ्याने चाला, कारण कित्येक वर्षांची वाळू एका रात्रीत गेलेली असते आणि जुना थर उघडा असतो. पण उशीर करू नका, दोन-चार भरत्यांत तो परत बुजू शकतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर हे सगळ्यात प्रसिद्ध आहे, ३१ जुलै १७१५ ला चक्रीवादळात स्पॅनिश खजिन्याचा ताफा तिथे फुटला आणि अजूनही मोठं वादळ येऊन गेलं की चांदीची नाणी किनाऱ्यावर येतात, त्या पट्ट्याचं नावच ट्रेझर कोस्ट पडलंय. तुमच्या किनाऱ्यावर गलबत फुटलेलं नसेल, हरकत नाही, वीस वर्षांपूर्वी हरवलेल्या अंगठ्या तरी असतातच.

बरं आता मशीन. इथे एक वाक्य लक्षात ठेवा, खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाची तबकडी, चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यामुळे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरतात, त्यांचं उलट क्षेत्र मशीन ऐकतं. ओली खारी वाळूसुद्धा हेच करते, म्हणून साधं एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन कोरड्या वाळूत शहाण्यासारखं वागतं आणि ओल्या वाळूत नेलं की किरकिर सुरू, प्रत्येक लाटेला ओरडतं. नवीन माणसाला वाटतं मशीन खराब निघालं. मलाही वाटलं होतं, परत करायला निघालो होतो, दुकानातल्या माणसाने शांतपणे विचारलं, कुठे वापरलं.

तर पर्याय तीन. पहिलं, सिंगल फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी), हे कोरड्या वाळूला उत्तम, ओल्यात ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल वजा करायची जुळवणी) नीट करून आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती तिखट ते, बरीच पाडून कसंबसं चालतं. दुसरं, मल्टी फ्रिक्वेन्सी, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर बघतं आणि त्यातून मीठ वजा करतं. माइनलॅब कंपनीची इक्विनॉक्स २०१८ मध्ये आली तेव्हापासून ही सोय बऱ्याच लोकांच्या आवाक्यात आली, आता एक्सपीची ड्यूस टू, नोक्ताची लेजंड अशी बरीच आहेत. आज कोणी विचारलं तर मी डोळे मिटून मल्टी सांगतो, बीचसाठी दुसरा विचार नको. तिसरं, पल्स इंडक्शन. हे एक झटका सोडतं, थांबतं, आणि काही मायक्रोसेकंदांनी ऐकतं, तोवर खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद विरून गेलेला असतो आणि धातूचा अजून घुमत असतो. काळी वाळू, मीठ, कशाचा त्याला फरक पडत नाही, खोलीही चांगली, पण खाली काय आहे ते हे मशीन सांगत नाही, खिळा आणि अंगठी दोन्हीला सारखंच ओरडतं. खिळे कमी आणि वाळू चांगली खरवडलेली असेल तिथे राजा, पिकनिकच्या गर्दीच्या किनाऱ्यावर केसांच्या पिना खणून खणून कंबर मोडते.

वॉटरप्रूफ म्हणजे किती ते नीट वाचा. काहींची नुसती कॉइल पाण्यात चालते आणि वरचा डबा भिजला की संपलं. पहिली इक्विनॉक्स ३ मीटरपर्यंत, ड्यूस टू २० मीटरपर्यंत असं प्रत्येकाचं वेगळं. आणि वायरलेस हेडफोनच्या भरवशावर पाण्यात बुडी मारायची नाही, रेडिओ सिग्नल खाऱ्या पाण्यातून जात नाही, त्याला वायरचे हेडफोन लागतात. हेडफोन मात्र हवेतच, कोरड्या किनाऱ्यावरसुद्धा, लाटांच्या आवाजात बारीक खोल सिग्नल कानाला कळणारच नाही आणि बाजूच्या माणसांनाही त्रास नाही.

स्वतःच्या अंगावरचं लोखंड विसरू नका. याची एक जुनी गोष्ट आहे, १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल, टेलिफोनवाला, धातू शोधायचं यंत्र घेऊन त्यांच्या अंगातली गोळी शोधायला गेला होता आणि ती मिळाली नाही. गादीतल्या स्टीलच्या स्प्रिंगांनी गोंधळ केला असं सांगतात, शिवाय डॉक्टरांनी त्याला उजवीकडेच शोधू दिलं आणि गोळी होती डावीकडे. आपल्या बाबतीत गादीच्या जागी स्टीलच्या टोकाचे बूट आणि हातातला स्कूप, म्हणजे वाळू उपसायचं भोकांचं फावडं. स्कूप कॉइलपासून लांब, मागे ओढत न्या, आणि बूट साधे रबरी.

सेटिंगचं फार डोकं लावू नका, पण दोन गोष्टी समजून करा. बीच मोड लावा, दोन असतील तर एक ओल्या वाळूचा आणि एक पाण्यातला असतो. मग नॉइज कॅन्सल (आजूबाजूच्या विजेचा गोंगाट टाळायची सोय), ग्राउंड बॅलन्स ओल्या वाळूवर करा, आणि त्यानंतर सेन्सिटिव्हिटी हळूहळू खाली आणा, किरकिर थांबेपर्यंत. इथे सगळ्यांचा हात जड होतो, लोकांना वाटतं आकडा जास्त म्हणजे खोली जास्त. ओरडणाऱ्या मशीनपेक्षा शांत मशीन जास्त खोलवरचं सांगतं कारण तुम्हाला ते ऐकू तरी येतं. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. मीठ मशीनला जसं दिसतं, जवळपास तसंच बारीक सोनंही दिसतं, दोन्हींचा सिग्नल खालच्या टोकाला. म्हणून मशीनने मीठ गाळलं की त्याबरोबर बारीक कानातलं, पातळ चेन हेही थोडं गाळलं जातं. यावर इलाज नाही, पण माहीत असलं की कोरड्या वाळूत पार्क किंवा सोन्याचा मोड लावून बारीक माल शोधायचा आणि ओल्यात अंगठ्यांच्या मागे लागायचं असं ठरवता येतं. पातळ चेन तर तशीही अवघड, मशीनला ती सलग वस्तू वाटत नाही, एकेक कडी वेगळी दिसते, मग बहुतेक वेळा चेनचा फासा नाहीतर पेंडंट वाजतं.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे कचरा गप्प करायचं बटण. मी फक्त लोखंड गाळतो, कधीकधी तेही नाही. कारण सिग्नल आला की मशीन पडद्यावर धातूचा एक आकडा दाखवतं आणि सोन्याला स्वतःचा असा आकडाच नाही. चांदीचं किंवा तांब्याचं नाणं वरच्या आकड्यावर ठामपणे वाजतं, एका प्रकारचं नाणं दरवेळी साधारण तोच आकडा दाखवतं. सोन्याच्या अंगठीचं तसं नाही, वजन, कॅरेट, जाडी, अंगठी अखंड आहे की तुटलेली, यावर ती फॉइलच्या आकड्यापासून टॅबच्या पुढेपर्यंत कुठेही येते. प्लॅटिनम पण खालीच. तेव्हा ज्याने फॉइल आणि टॅब गाळलं त्याने अंगठ्याही गाळल्या, मग तो वर्षभर नाणी गोळा करत फिरतो आणि म्हणतो या किनाऱ्यावर सोनं नाहीच. ओल्या वाळूत खालच्या आकड्याचा, गोल, मऊ, दोन्ही बाजूंनी सारखा वाजणारा सिग्नल असेल तर खणा, दहा वेळा टॅब निघेल, खणा. केसांची पिन लांबट आणि दोन तुकड्यांत वाजते, कॉइल नव्वद अंशांत फिरवून परत घेतली की आवाज बदलतो किंवा गायब होतो. बाटलीचं पत्र्याचं बूच फसवं आहे, आकडा उड्या मारतो आणि कॉइलच्या कडेला लोखंडासारखं घुरघुरतं. शंका आली की ओल्या वाळूत खणण्यात जातंच काय, अर्धं मिनिट.

कॉइल फिरवणं हे सोपं वाटतं आणि नव्वद टक्के लोक तिथेच चुकतात. वाळूला समांतर, जवळजवळ टेकवून, आणि दोन्ही टोकांना वर उचलायची नाही, झाडू मारताना हात वर जातो तसा जातो आणि त्या दोन टोकांना खोली शून्य होते. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला साधारण दोन सेकंद घ्या. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे. नाण्याएवढी वस्तू चांगल्या मशीनला ओल्या वाळूत साधारण २० ते २५ सेंटीमीटरपर्यंत कळते, पण धावत गेलात तर दहावरचंच कळेल. लोक एका ओहोटीत अख्खा किनारा फिरतात, माझ्या मते पन्नास मीटर नीट केले तरी पुष्कळ झालं.

सुरुवातीला पाण्याच्या कडेपासून वरपर्यंत आणि परत खाली असं नागमोडी चाला, म्हणजे माल कुठल्या पातळीला बसलाय ते कळतं. दोन-तीन नाणी किंवा ती शिशाची वजनं एका उंचीवर मिळाली की नागमोडी बंद, आता त्याच उंचीने किनाऱ्याला समांतर सरळ जा, कारण लाटेने जड माल एका रेषेत मांडलेला असतो. पायाने वाळूत रेघ ओढत गेलं की पुढची ओळ कुठे घ्यायची ते कळतं. नाण्यांची अशी ओळ लागली आणि ती मध्येच संपली तर घाई नको, थोडं वर आणि थोडं खाली बघा, ओळ बऱ्याचदा तिरकी असते.

खणायला कोरड्या वाळूत हातातला छोटा चाळणीचा स्कूप पुरे, प्लास्टिकचा पण चालतो. ओल्या वाळूत आणि पाण्यात लांब दांड्याचा स्टेनलेस स्टीलचा घ्या, भल्यामोठ्या झाऱ्यासारखा दिसतो, पायाने दाबून खुपसता येतो. स्वस्तातला घेतला तर वेल्डिंग सुटतं, मागचा पत्रा वाकतो. भोकांचा आकार बघा, भोकं मोठी असली की वाळू पटकन गळते पण कानातलंही गळतं. सिग्नल मिळाला की आडवं आणि उभं असं अधिकच्या खुणेसारखं फिरवून मध्य पक्का करा, मग कॉइलच्या मध्याच्या जरा मागे स्कूप लावा, म्हणजे वस्तू स्कूपच्या पोटात येते, धारेखाली येत नाही. एक घास काढला की भोकावर परत कॉइल. आवाज गेला तर वस्तू स्कूपमध्ये किंवा बाहेरच्या ढिगात, आवाज आहे तर अजून खाली. हे परत बघायचं टाळलं की मग ढीग उपसत बसावं लागतं. वॉटरप्रूफ पिनपॉइंटर, म्हणजे नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, असला तर कोरड्यात फार मदत होते, पाण्यात मला त्याचा फारसा उपयोग वाटला नाही. आणि एक अंगठी निघाली तरी त्याच खड्ड्यात परत एकदा बघाच, जड वस्तू एकट्या बसत नाहीत.

पाण्यात खणताना लाट खड्डा भरून टाकते, वस्तू आणखी खाली जाते, म्हणून दोन लाटांच्या मध्ये पटकन. पाय सिग्नलच्या शेजारी रोवून ठेवा, बुटाचं टोक म्हणजे आपली खूण. लाट गेल्यावर पाण्यात जागा शोधत बसण्यासारखं चिडचिड करणारं दुसरं काही नाही.

समुद्राकडे पाठ करून खणू नका. हे मी मोडलंय, खांद्याएवढी लाट मागून आली, हेडफोन, टोपी, स्कूप सगळं एकीकडे आणि मी एकीकडे, मशीन हाताला पट्ट्याने बांधलं होतं म्हणून राहिलं. पाण्यात एकटं उतरायचं नाही, कमरेच्या वर नाही, आणि बाहेर ओढणारा प्रवाह, तो लाटांच्या मध्ये शांत दिसणारा गढूळ पट्टा, तिथे तर नाहीच. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे थेट पोहू नका, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याच्या बाहेर निघा, आणि मशीन सोडून द्या, दुसरं मिळतं. उथळ गरम पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा तळाशी घासत न्या, वाळूत लपलेला पाकट मासा आवाजाने निघून जातो, त्याच्यावर पाय पडला की शेपटीचा काटा बसतो. हातमोजे घाला, वाळूत गळ, काच, सुया निघतात. आणि मोठं, गोल, गंजलेलं, जड लोखंड निघालं तर हात लावू नका, ज्या किनाऱ्यांवर युद्धं झाली किंवा लष्करी सराव चालायचे तिथे न फुटलेला दारूगोळा अजूनही निघतो, जागेवर सोडा, लांब जा, पोलिसांना कळवा.

परवानगी. प्रत्येक देशात, कधी दोन शेजारच्या किनाऱ्यांवरही नियम वेगळे, म्हणून जायच्या आधी तिथल्या प्रशासनाला विचारा. उदाहरणं देतो म्हणजे अंदाज येईल, अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यातल्या किनाऱ्यांवर डिटेक्टर न्यायलाच बंदी आहे, आणि १९७९ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या जमिनीवरची १०० वर्षांहून जुनी पुरातत्त्वाची वस्तू विनापरवाना उचलणं गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये फुटलेल्या जहाजाचा माल सापडला तर २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. फ्रान्समध्ये ऐतिहासिक वस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायला आधी परवानगी लागते. वाळूच्या टेकड्या, त्यावरची झाडं, कासवांच्या घरट्यांच्या जागा यांच्यापासून कायद्याने सांगितलं नसलं तरी लांब राहा. खड्डे बुजवा, अंधारात कोणाचा तरी पाय मुरगळतो, आणि एका माणसाने न बुजवलेल्या खड्ड्यांमुळे सगळ्यांना बंदी होते. निघालेला कचरा सोबत न्या, परत तिथेच टाकलात तर पुढच्या वेळी तुम्हीच तो खणणार आहात.

अंगठी मिळाली की आतल्या बाजूला बघा, नाव, तारीख कोरलेली असते. तिथल्या पोलिसांकडे किंवा जीवरक्षकांकडे नोंद करा, कोणीतरी शोधून शोधून रडून गेलेलं असतं. मालक म्हणून कोणी पुढे आलं तर वर्णन त्याला सांगायला लावा, आपण फोटो आधी दाखवायचा नाही, फोटो दाखवला की अंगठी सगळ्यांचीच असते. आतलेच आकडे धातूही सांगतात, ३७५ म्हणजे ९ कॅरेट, ५८५ म्हणजे १४, ७५० म्हणजे १८, ९१६ म्हणजे २२, चांदीला ९२५, आणि ९५० बहुतेक प्लॅटिनम. शिक्का आहे म्हणजे खरंच असं नाही, पण खोटी अंगठी समुद्रात थोडे महिने राहिली की मुलामा उडून हिरवी-काळी होते, सोनं जसं पडलं तसंच पिवळं बाहेर येतं.

सोनं साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने, बास. चांदी काळी पडलेली असते, भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर चांदी, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी, काळेपणा बराच निघतो, पण मोती किंवा खडे बसवलेले असतील तर हे नको. जुनं वाटणारं नाणं अजिबात घासू नका, गोड्या पाण्यात भिजवून ठेवा आणि जाणकाराला दाखवा, घासलेल्या नाण्याची किंमत जाते. रोजच्या चलनातली नाणी टम्बलरमध्ये (घोळवून साफ करायच्या फिरत्या पिंपात) टाकणार असाल तर तांब्याची वेगळी आणि पांढरी वेगळी, एकत्र टाकली की सगळी गुलाबी होऊन निघतात.

मशीन घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, वॉटरप्रूफ नसेल तर ओल्या फडक्याने पुसा. दांडे वेगळे करा, सांध्यात अडकलेली वाळू काढा, नाहीतर पुढच्या वेळी ते सुटणार नाहीत. कॉइलखालचं प्लास्टिकचं झाकण काढून धुवायचं हमखास राहून जातं, त्यात काळी वाळू साचते आणि पुढच्या खेपेला मशीन कारण नसताना ओरडतं. चार्जिंगच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय चार्जर लावू नका. शिशाची वजनं वेगळ्या झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी, आणि ती हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. माझा डबा भरला की मी किनाऱ्यावर गळ टाकून बसलेल्या कोणालातरी देऊन टाकतो, त्यातली निम्मी थोड्या महिन्यांत परत मलाच सापडणार असतात.